धरण उशाला, भरवसा विहिरीवर

खडकवासल्याच्या धरणावरून सिंहगड रस्त्याने पुण्याकडे निघालं की खडकवासला गाव, किरकटवाडी फाटा, नांदेड फाटा आणि मग धायरी लागते. उजव्या हाताला आत शिरलं तर नांदोशी. हे नांदेड म्हणजे मराठवाड्यातलं शहर नव्हे. मुठेच्या काठावरचं हवेली तालुक्यातलं हे गाव आहे आणि या प्रकरणाचा मध्यही तेच आहे. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण आपल्याकडे धरणाजवळ असूनही तहानलेल्या गावांसाठी वापरली जाते. या पट्ट्यात घशाला कोरड नव्हती. नळाला पाणी होतं. ते पिऊन माणसांना गिया-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार झाला, असा संशय २०२५च्या जानेवारीत अख्ख्या देशापुढे आला.

शहराच्या वेशीवर, धड गाव नाही आणि धड शहर नाही अशा ठिकाणी राहणं कसं असतं, असं कुणी विचारलं की मोकळी हवा, डोंगर, स्वस्त फ्लॅट आणि रस्त्यावरची कोंडी यांवर बोलणं होतं. ते सगळं खरंच आहे. पण अशा ठिकाणचं जगणं ज्या एका गोष्टीवर उभं असतं किंवा कोसळतं, ती मला या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते: आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल उत्तर देणारा माणूस आपल्या दारापासून किती लांब आहे?

गाव कसं वाढलं

तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत या भागात भातखाचरं, भाजीपाला, नांदोशीच्या बाजूला दगडाच्या खाणी आणि सिंहगडावर दही-ताक, पिठलं-भाकरी विकायला जाणारी घरं, असा संसार होता. खडकवासल्यात केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असल्यामुळे नोकरदारांची वस्ती आधीपासून थोडीफार होतीच. मग धायरी भरली. सिंहगड रस्त्यालगतच्या जमिनी एकरावर न विकता गुंठ्यावर विकल्या जाऊ लागल्या. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कुणी एक गुंठा घेतला, कुणी अर्धा. सातबाऱ्यावर सामायिक नाव लागलं, त्यावर दोन मजले चढले. त्यांच्या शेजारी बिल्डरांच्या सात-आठ मजली इमारती आल्या. याच नांदेड गावाच्या शिवारात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून शेकडो एकरांचं एक नियोजित नगरही उभारलं. त्याचे रस्ते, पाणी, सांडपाणी यांची व्यवस्था वेगळी आहे. म्हणजे एका गावाच्या हद्दीत एकमेकांना लागून तीन प्रकारची वस्ती झाली: गावठाण, गुंठेवारी आणि गृहसंकुलं. पिनकोड एक असला तरी प्रत्येकाच्या पाण्याची वाट वेगळी.

इथे राहायला येणारा माणूस हौसेने येत नाही, हिशेबाने येतो. कोथरूड किंवा सहकारनगरात ज्याला वन बीएचके परवडत नाही, त्याला किरकटवाडीत टू बीएचके मिळतो. खिडकीतून सिंहगड दिसतो, पावसाळ्यात ढग खाली उतरतात. मुलांना खेळायला जागा मिळते, निदान शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू होईपर्यंत तरी. गावात हरिनाम सप्ताह बसला की नव्या सोसायटीतली म्हातारी माणसंही कीर्तनाला जाऊन बसतात. या पट्ट्याचं हे सुख लहान नाही. ते नाकारून इथल्या जगण्याबद्दल लिहिणारा माणूस इथे कधी मुक्कामाला राहिलेला नसावा.

आणि तरी मूळचे आणि बाहेरचे हा भेद राहतोच. मूळच्या माणसाच्या मळ्यात स्वतःची विहीर असते, बोअर असते. पाणी सोडणारा त्याच्या भावकीतला किंवा ओळखीचा असतो. सोसायटीवाल्याला मात्र पाणी कुठून येतं, कोण सोडतं, कधी सोडतं यातलं काहीच ठाऊक नसतं. टाकी भरली की नाही एवढंच त्याला वॉचमनकडून कळतं.

हद्द बदलली तेव्हा

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खडकवासला ही चारही त्यांत होती. त्याआधी ऑक्टोबर २०१७मध्ये ११ गावं आली होती, त्यांत धायरीचा उरलेला भाग होता. या दोन टप्प्यांनंतर पुणे महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबई महापालिकेपेक्षाही मोठं झालं.

हद्द एका अधिसूचनेने बदलते, पाइप तसा बदलत नाही. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटरचं आहे, शहरासाठी नियोजनाचा मापदंड १३५ लिटरचा. त्या दिवशी कागदावर इथला प्रत्येक माणूस ५५ वरून १३५ वर गेला. शंभर फ्लॅटची सोसायटी आणि घरटी चार माणसं धरली तर रोजचं पाणी होतं ५४,००० लिटर. नळाला जेवढं कमी येईल तेवढं दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं. नळ पूर्ण कोरडा असेल तर रोज जवळजवळ साडेपाच टँकर. या पट्ट्यात सकाळी चिमणी-कावळ्याच्या आधी टँकर का ओरडतो, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

आणखी एक गुंता होता. सेवा द्यायच्या महापालिकेने, पण जुलै २०२१मध्ये या २३ गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. म्हणजे इमारतीला परवानगी एकाने द्यायची आणि त्या इमारतीला पाणी दुसऱ्याने पुरवायचं. अशा वेळी महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. इमारत पूर्ण होते, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या गावात जातो. हमीपत्र फाइलमध्ये राहतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. घर घेताना हे हमीपत्र मागून वाचणारी माणसं फार थोडी असतात. ते वाचायला हवं.

विहीर

आता मुख्य गोष्टीकडे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी मावतं. पुण्याच्या मोठ्या भागाची तहान त्यावर भागते. धरणातून निघालेलं पाणी पर्वती, वडगाव बुद्रुक, वारजे अशा जलशुद्धीकरण केंद्रांत जातं. तिथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि मग क्लोरिन देतात. वडगावचं केंद्र याच सिंहगड रस्त्यावर आहे, पण शहराच्या बाजूला. म्हणजे धरणाचं पाणी या गावांना ओलांडून पुढे जातं, तिथे शुद्ध होतं आणि तिथून शहरात जातं. गावं धरणाच्या जवळ आहेत, हीच त्यांची अडचण. शुद्ध पाणी त्यांना द्यायचं तर ते उलटं, चढाकडे आणावं लागतं.

त्यामुळे जुनी व्यवस्थाच चालू राहिली. धरणाचं पाणी नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीत यायचं. त्यात क्लोरिन टाकायचं आणि तेच आजूबाजूच्या गावांना सोडायचं. मध्ये गाळणं नाही, गाळ बसवणं नाही. ग्रामपंचायतीच्या काळात हेच होतं आणि महापालिका आल्यावर साडेतीन वर्षांनीही हेच होतं.

नुसतं क्लोरिन पुरेसं का होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. क्लोरिन आधी पाण्यातल्या गढूळपणावर आणि सेंद्रिय घाणीवर खर्च होतं. उरलं तर जंतूंवर काम करतं. त्यासाठी त्याला किमान अर्धा तास लागतो. विहीर उघडी असेल तर उन्हानेही ते उडतं. आणि विहिरीपाशी भरपूर क्लोरिन असलं तरी ते पाणी किलोमीटरभर पाइपातून, मग सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून, मग गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरात येतं. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. ते उरलं असेल तरच वाटेत शिरलेल्या घाणीचा बंदोबस्त होतो.

आणि वाटेत घाण शिरायला जागा पुष्कळ. अशा वस्त्यांत सांडपाण्याच्या वाहिन्या सगळीकडे पोचलेल्या नसतात. सेप्टिक टँक असतात, त्यांचं पाणी जमिनीत मुरतं किंवा ओढ्याला जातं. पाणी दिवसातून ठरावीक वेळच सुटतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते, आणि जिथे सांधा सैल आहे तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. पाइप गटाराच्या शेजारून गेला असेल तर काय आत जात असेल हे सांगायला नको. धरणाच्या काठावरच्या वाढत्या वस्तीचं आणि हॉटेलांचं सांडपाणी जलाशयाकडे उतरतं, ही तक्रारही जुनी आहे. ती गावं महापालिकेच्याही बाहेर आहेत. काठालाही आणखी एक काठ असतो.

जानेवारी २०२५

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरातल्या रुग्णालयांतून एक विचित्र गोष्ट समोर आली. गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा एरवी तुरळक दिसणारा आजार. त्याचे रुग्ण एकदम दोन आकड्यांत दिसू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बऱ्याचदा आधी जुलाब किंवा ताप येऊन जातो, आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, हातातला पेला सुटतो. काहींना श्वास घेता येत नाही आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक माणसं बरी होतात, पण पायावर नीट उभं राहायला आठवडे किंवा महिने लागतात. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं महाग असतात. सगळा खर्च सहज लाखांत जातो.

फेब्रुवारीपर्यंत राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. त्यातले बरेच रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी आणि आसपासच्या काही किलोमीटरांतले होते. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. कॅम्पायलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही जातो, म्हणून चिकन नीट शिजवून खा, पाणी उकळून प्या अशा सूचना घरोघर गेल्या. केंद्राचं पथक आलं. विहिरीचं, टँकरचं, नळांचं पाणी तपासलं गेलं, आणि क्लोरिन न उरलेले नमुनेही निघाले.

सगळा दोष एकट्या विहिरीवर टाकणं मला पटत नाही, आणि त्यात धोकाही आहे. तसं केलं की विहिरीवर झाकण घातल्यावर प्रकरण मिटलं असं वाटतं. या पट्ट्यातली माणसं एकाच पाण्यावर जगत नव्हती. नळाचं थोडं, बोअरचं थोडं, टँकरचं थोडं आणि प्यायला जार, असं मिसळून प्रत्येक घर चाललं होतं. त्यातला जार लोकांना सगळ्यांत सुरक्षित वाटायचा. पण जारचं पाणी आरओ यंत्रातून गाळून येतं आणि त्या प्रक्रियेत पाण्यातलं क्लोरिनही निघून जातं. यंत्रातून पाणी स्वच्छ बाहेर आलं तरी ते ज्या जारमध्ये भरलं तो नीट धुतलेला नसेल, तर आत शिरलेल्या जंतूला रोखणारं त्यात काहीच उरत नाही. फेब्रुवारीत महापालिकेने या भागातले तीसेक खासगी आरओ प्रकल्प बंद केले, ते त्यांचं पाणी पिण्यायोग्य नसल्याचं तपासणीत दिसल्यावर. महिन्याला पैसे मोजून विश्वासाने जार घेणाऱ्या घरांना त्या बातमीने काय वाटलं असेल!

उपचारांच्या बाबतीत सरकारने मदत जाहीर केली, ती चांगली गोष्ट झाली. पुणे शहरातल्या रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालय, पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि ग्रामीण भागासाठी ससून अशी मोफत उपचारांची सोय सांगितली गेली. कागदावर ही वाटणी स्वच्छ आहे. पण किरकटवाडीतल्या घरात जेव्हा एखाद्याचे पाय गळतात, तेव्हा त्या घराला आपण शहरात येतो की ग्रामीण भागात, हे चटकन सांगता यायला हवं. आधार कार्डावर 'तालुका हवेली, जिल्हा पुणे' असतं. टॅक्सची पावती महापालिकेची असते. जुन्या कागदांवर ग्रामपंचायतीचा शिक्का असतो.

कुणाला विचारायचं

ग्रामपंचायत होती तेव्हा पाणी काही शुद्ध नव्हतं, हे आधीच सांगितलं. मग बिघडलं काय? माझ्या मते तक्रार करायची जागा हरवली.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टीसीएल, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर किती टाकायची, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरिन उरलं आहे का ते बघायचं, हे त्याचं काम. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की सरपंचाला गावात तोंड दाखवणं जड जातं, कारण विरोधक ग्रामसभेत तेच कार्ड नाचवतात. व्यवस्था साधी आहे, तिच्यात त्रुटीही आहेत, पण दबाव गावातल्या गावात तयार होतो. पाणी गढूळ आलं तर बाई कळशी घेऊन सरपंचाच्या दारात जाऊन उभी राहू शकते.

गाव महापालिकेत गेलं की ही कार्डं थांबतात, ग्रामसभा संपते, सरपंच माजी होतो. त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा. पण पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसला. म्हणून २०२१मध्ये आलेल्या या गावांतल्या माणसांनी, साथ आली तोवर, स्वतःसाठी एकही नगरसेवक निवडून दिलेला नव्हता. साडेतीन वर्षं. जुना माणूस गेला, नवा आलाच नाही, आणि मधल्या काळात इमारती वाढत राहिल्या. तक्रार करायची ती क्षेत्रीय कार्यालयात, अॅपवर किंवा ओळख असेल तर एखाद्या पुढाऱ्याकडे. याच काळात कर मात्र टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दराकडे सरकत होता, कारण हद्दीत आलेल्या गावांचा कर दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढवत पाच वर्षांत पूर्ण दरावर आणायचा असा नियम होता. पैसे पूर्ण घ्या, पण आधी पाणी पूर्ण द्या, असं गावकरी म्हणत होते. त्यांच्या या म्हणण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

ही मधली जागा भरून काढायला माणसांनी जे केलं, ते पाहिलं की आदर वाटतो. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकी धुण्याच्या तारखा ठरल्या, कुणी ओटी टेस्टची बाटली आणून रोज नळाचं पाणी तपासायला लागलं, कुणी टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते बघायला मोटारसायकलवरून मागे गेलं. म्हणजे पाणीपुरवठा विभागाचं काम नोकरी करून घरी परतलेल्या माणसांनी रात्री नऊनंतर केलं. शहराच्या काठावर राहणाऱ्याला बऱ्याच वेळा महापालिका स्वतःच्याच घरी चालवावी लागते. वेळ आणि उसंत असलेल्या सोसायटीला ते जमतं. गुंठेवारीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या, पहाटे मंडईत हमालीला जाणाऱ्या घराला ते जमत नाही, आणि त्या घराकडे प्यायचं पाणी उकळायला गॅसही मोजूनच असतो.

नळापाशी

साथ ओसरल्यावर या गावांसाठी शुद्धीकरण प्रकल्पाच्या आणि जलवाहिन्यांच्या प्रस्तावांची चर्चा सुरू झाली. मोठी कामं वेळ घेतात हे मान्य. पण रोज करायची कामं मोठी नाहीत: विहीर झाकणं, क्लोरिन मापून देणं, टँकर भरण्याच्या जागांवर तपासणी ठेवणं आणि प्रत्येक वस्तीतल्या शेवटच्या नळाचा अहवाल गावच्या चौकात फळ्यावर लिहून लावणं. सगळ्यांत जास्त आग्रह माझा या शेवटच्या कामासाठी आहे. फळ्यावर शून्य लिहिलेलं दिसलं की कुणीतरी फोन करतो.

या पट्ट्यात किंवा वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे अशा कुठल्याही काठावरच्या गावात घर बघायला जाणार असाल, तर सॅम्पल फ्लॅटमधल्या फरशीआधी काही प्रश्न विचारा. नळाचं पाणी कुठल्या स्रोतातून येतं आणि ते वाटेत कुठे गाळलं जातं का? टँकर कुठे भरतो? जमिनीखालची टाकी आणि सेप्टिक टँक यांच्यात अंतर किती आहे, आणि टाकी शेवटची कधी धुतली? पाण्याचं हमीपत्र कुणी, कुणाला दिलं आहे? आणि राहायला गेल्यावर ओटी टेस्टचं द्रावण आणून ठेवा, फार महाग नसतं. पेलाभर पाण्यात काही थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पिवळसर रंग येतो. ही तपासणी टाकीपाशी करू नका. सगळ्यांत लांबच्या विंगेत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घ्या. तपासून झालं की ते पाणी पिऊ नका, ओतून द्या.